कमरेवरचा हात

आनंदीबाईंचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, आणि ती म्हणजे त्यांच्या कमरेची नायलॉनची दोरी. तिच्यात कपाटाच्या किल्ल्या ओवलेल्या असत आणि त्या झोपेतही चाचपून बघायची बाईंना सवय होती. बाकी सगळे संशयित. दूधवाला पाणी घालतो, रिक्षावाला मुद्दाम लांबून नेतो, डॉक्टर नसलेला आजार काढतो. अंबाडीहून भाजी आणून भिवंडीच्या बाजारात विकण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि बाजारात गाफील राहून चालत नाही, हे त्या तिथेच शिकल्या होत्या.

एसटीच्या ड्रायव्हरवर तर त्यांचा खास राग. अंबाडी नाक्यावर हा मेला गाडी पुरती थांबवत नाही, नुसती हळू करतो नि पुढे काढतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून नाका यायच्या कितीतरी आधीच त्या उठून, रिकामी पाटी काखेत मारून दाराशी उभ्या राहायच्या. त्या वाटेवरची सगळीच माणसं अशी उठतात म्हणा. पण आनंदीबाईंनी आयुष्यात एकदाही आपला थांबा चुकू दिला नव्हता आणि हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

आता त्या भिवंडीत मुलाकडे, धनेशकडे राहत होत्या. त्याची बायको मेघाली एकदा सहज म्हणाली, "आई, किल्ल्या रुतत असतील, रात्री काढून ठेवत जा ना." बस, एवढं पुरलं. सून किल्ल्यांवर टपलेली आहे, हे बाईंनी त्या दिवशी पक्कं केलं.

धनेश वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. काम चांगलं झालं म्हणून कंपनीने काही जणांना घरच्यांसकट मालदीवची सहल दिली. ऐन वेळी मोठा सेल लागला आणि धनेशची रजा रद्द झाली.

"तुम्ही दोघी जाऊन या," तो म्हणाला.

बाईंनी कान टवकारले. "मना हिच्यासंगं समुद्रापल्याड धाडतोस? कशापायी?"

पण नाही म्हणावं, तर सून एकटी जाणार आणि तिच्यावर नजर कोण ठेवणार? त्यापेक्षा गेलेलं बरं, असा विचार करून बाई निघाल्या.

बेटावर पोचवणारं विमान बघून मात्र त्या जागीच थबकल्या. एवढंसं विमान, चाकांच्या जागी दोन लांब होड्या, आणि उतरणार म्हणे पाण्यावर. तिथल्या पोराने प्रत्येकाच्या कमरेला पाण्यात तरंगायच्या जाकिटाची पिशवी बांधली आणि हिंदी-इंग्रजीत काहीबाही सांगितलं. कोणी ऐकलं नाही. धनेशबरोबर काम करणारा प्रितेश पुढच्या सीटवर स्वतःचे फोटो काढण्यात दंग होता. मेघाली मात्र जिवाचे कान करून ऐकत होती. मग तिने डोळे मिटले, एक हात शेजारच्या दाराच्या कडीवर ठेवला, दुसरा पट्ट्याच्या खटक्यावर. डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा तेच. ओठ हलत होते. ही काय मंत्रबिंत्र टाकते की काय, म्हणून बाई सरकून बसल्या.

"आई, विमान उलटलं तर आधी कडी धरायची, दार उघडायचं. पट्टा सगळ्यात शेवटी. आणि जाकीट आत असताना फुगवायचं नाही."

"उलटंल कशाला? तुझ्या तोंडात बरं काय येत न्हाय?"

निळं पाणी जवळ आलं. खाली धक्का दिसू लागला आणि बाईंचा हात सवयीने पट्ट्याकडे गेला. थांबा आला की उठायचं, यात विचार करण्यासारखं काय होतं? खटका उघडणार तोच मेघालीचा हात त्यांच्या कमरेवर आला आणि घट्ट बसला.

किल्ल्या! बाईंच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

त्याच क्षणी होडीचं नाक लाटेत घुसलं. विमान पुढच्या पुढे कोलांटलं आणि पाणी आत धडधडत शिरलं. बाई पट्ट्याला उलट्या लोंबकळत होत्या. नाकातोंडात खारं पाणी, डोळ्यांसमोर नुसता फेस. पट्टा सोडायचा म्हणून त्या धडपडल्या, पण कमरेवरचा तो हात हलेना. ही मना मारायलाच घेऊन आली, असं वाटून त्यांनी जीव खाऊन तो हात चावला. तरीही तो सुटला नाही.

मग उघडलेल्या दारातून उजेड आला. त्या हाताने आपणच खटका उघडला, किल्ल्यांची दोरी मुठीत धरली आणि बाईंना ओढून बाहेर काढलं.

धक्क्यावर ओकाऱ्या काढून झाल्यावर बाईंनी पहिल्यांदा किल्ल्या चाचपल्या. होत्या. प्रितेशला बेटावरच्या लोकांनी बेशुद्ध बाहेर आणलं. शुद्धीवर आल्यावर तो रडत म्हणाला, "काकू, मी पट्टा आधीच सोडला, जाकीट फुगवलं. ते मला वर दाबायला लागलं. दार कुठे ते कळेचना."

बाईंची नजर मेघालीच्या चावलेल्या हाताकडे गेली.

घरी आल्यावर धनेशने बायकोच्या हातावरची जखम पाहिली. "दाराचा पत्रा लागला," मेघाली म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

बाई चपापल्या. ही खरं का सांगत नाही? बदल्यात काय मागायचंय हिला? त्या वाट बघत राहिल्या. जखमेवर खपली धरली, गेली, दातांचे वण राहिले, पण मागणी काही येईना. शेवटी बाईंनाच राहवेना.

"त्याला सांगलंस का न्हाय, म्या चावले म्हणून?"

मेघाली हसली. "आणि तुम्ही म्हणाला असतात, सून मुलाचे कान भरते."

हे इतकं खरं होतं की बाईंना आपलीच लाज वाटली.

जीव वाचला म्हणून दोघी वज्रेश्वरीला देवीची ओटी भरायला गेल्या. परतताना अंबाडीला उतरून बाईंच्या भावाकडे जायचं ठरलं होतं. नाका जवळ आला तशा बाई अर्धवट उठल्या. मेघालीचा तो वणाचा हात त्यांच्या कमरेवर, थेट किल्ल्यांवर आला.

"आई, गाडी थांबू दे."

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या आणि खाली बसल्या. ड्रायव्हरने गाडी हळू केली, दारात कोणी उभं नाही असं बघून पुढे काढली.

"अहो आई, नाका गेला!" मेघाली ओरडली. "तुम्ही म्हणत होतात ते खरंच की! मास्तर, बेल मारा!"

कंडक्टर करवादला, "आधी उठायला काय झालं होतं, आजी?"

"जाऊ दे गेला तर," आनंदीबाई म्हणाल्या. "जाऊ चालत मागं."

आणि सुनेचा हात त्यांनी कमरेवरून काढू दिला नाही.