ओवेझमामांची कात्री

आमचे ओवेझमामा काराकुमच्या वाळवंटात मेंढ्या राखतात. कुत्रीला पिल्लं झाली की मामा त्यांचे कान आणि शेपट्या कापतात, नाहीतर लांडगा नेमका तिथेच धरतो.

त्यांची लेक ओगुलजेरेन शहरातून कुत्र्यांच्या जातींचं सचित्र पुस्तक घेऊन आली. चार पानं उलटताच मामा खवळले.

"अगं, एकाचेही कान कापलेले नाहीत! कसले आळशी मालक हे!"

"बाबा, त्यांच्याकडे लांडगे नसतात."

"मग कुत्री कशाला पाळतात?"

मामांनी कात्री घेतली आणि पानापानावरचे कान, शेपट्या छाटत सुटले. पूडलपाशी मात्र थबकले. त्याचं अर्धं अंग भादरलेलं, शेपटीला लोकरीचा गोंडा.

मामा हळहळले, "याला राहू दे. याची लोकर काढणारा अर्ध्यातच पळून गेलाय."