अवसेला समुद्रात धुतलेली जीप

जायचं ठरलं ते आबांमुळं. आबा म्हणजे माझे आजोबा. तरणे असताना ते मेंढरं घिऊन दरसाल घाट उतरायचे, पार महाडपतुर जायचे आन तितल्या भाताच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचे. पर समुद्र काय बघितला न्हाय. "एवढं खाली गेलो आन तसंच माघारी फिरलो," असं आमच्या गावात, अंथुर्ण्यात, येईल त्याला सांगायचे. मग माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, बारामती-इंदापूर वडापसाठी, म्हणजे शिटा भरून न्यायला, नवी जीप घेतली आन म्हणले, "चला आबा, ह्या उन्हाळ्यात दाखवतोच."

दादा, म्हणजे माझे वडील, उसाच्या खोडव्याला पाणी द्यायला मागं राहिले. तात्या, आबा, आई आन मी, असे चौघं निघालो. आठवीत शाळा सोडल्यापासनं मी घर आन रान सोडून कुठं गेले न्हवते. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणलं की मी आईलाच फुडं करते. त्यात मुक्काम परक्याच्या घरी. माघारी आलो की लगेच जीपला लग्नाचं वऱ्हाड ठरलेलं. गाडीला काय झालं तर? निघायच्या आधीपासनं मला हेच.

रस्ता बारामती, नीरा, लोणंद, शिरवळ, भोर असा. भोरातच डिझेल भरा आन पोटभर खाऊन घ्या, फुडं वरंध्याच्या घाटात काय मिळत न्हाय. घाटात रस्ता एका गाडीचा, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला नुस्ती दरी. समोरनं एसटी आली की आई डोळं मिटायची, मी दाराची कडी धरायचे. आबा मात्र खिडकीतनं बोट दाखवत हुते.

"हितं आमची एक शेळी पडली हुती."

"आबा, आत्ता नगा सांगू," आई म्हणली.

महाडवरनं म्हसळा, तितनं दिवेआगर. आमी उतरलो ती बंगली म्हणजे नारळीच्या वाडीत दोन कौलारू खोल्या, फुडं सारवलेली पडवी, मागं विहीर. कुंपणाच्या पल्याड सुरूची झाडं आन लगेच समुद्र. दिवसाला दीडशे रुपये, जेवण येगळं. आदल्या दिवशी सांगितलं तर मालकीणकाकू उकडीचे मोदक करत्यात. जवळच भरडखोलला सकाळी होड्या लागत्यात, मासळी ताजी मिळती. हरिहरेश्वरचं देऊळबी लांब न्हाय.

सांजचं आबांना वाळूवर नेलं. धोतर सावरत सरळ पाण्यात गेले. मग ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आन थुंकले. "एवढं पाणी, आन मेंढरू तोंड लावणार न्हाय!"

समुद्राचा आवाज थांबतच न्हाय. गाळपात साखर कारखाना चालतो तसा चालूच. मला झोप कसली लागती.

दुसऱ्या दिवशी अवस. आमच्याकडं अवसेला गाडी धुवायची, लिंबू-मिरची बांधायची, नारळ फोडायचा. गावी तात्या जीप कालव्यात घालतात. हितं पाणी लांब गेलेलं, वाळू डांबरीसारखी घट्ट. तात्यांनी जीप थेट पाण्याच्या कडंला नेली, पुढची चाकं पाण्यात. आबा टायर घासायला लागले.

मी विहिरीवर हुते. काकू म्हणाल्या, "अगं, कपडे कुंपणावर नको वाळत घालू. आज अमावस्या, उधाण आहे. दुपारपर्यंत पाणी सुरूंपर्यंत येईल."

माझ्या हातातनं पोहरा सुटला. पळत गेले. पाणी तोवर मागच्या चाकाला लागलं हुतं.

"तात्या, काकू म्हणतात पाणी येणार हाय."

"कुठनं? कुणी सोडलं?" तात्या हसले. "उजनीच्या कडंला वाढलोय आमी. धरणाचं पाणी चढायला आठवडा लागतो."

"व्हय की," आबा म्हणले. "कोकणात मी तुझ्याआधी आलोय."

तेवढ्यात एक लाट आली आन बादली घिऊन गेली. तात्यांनी गपकन स्टेरिंग धरलं, रिव्हर्स टाकला. चाकं जाग्यावरच फिरली. परत टाकला. जीप अजून खाली बसली. तात्यांचं तोंड पांढरं पडलं. आबा खांदा लावून ढकलायला लागले, आन त्यांच्या मांडीपतुर पाणी.

"पोरी, कुणाला तरी बोलाव!"

शेजारच्या वाडीत चार गडी नारळ सोलत हुते, बैल झाडाला बांधलेले. मी त्यांच्याम्होरं उभी राहिले आन तोंडातनं शब्दच फुटंना. ते बघायला लागले. म्हातारा गडी म्हणाला, "काय झालं, बाय?" मला मागं पाण्याचा आवाज येत हुता. आबा त्या पाण्यात हुते. मग काय झालं न्हाय माहीत, एवढ्या जोरात वराडले की बैलांनी माना वर केल्या.

"आमची जीप समुद्रात हाय!"

"समुद्रात? कशाला नेली?"

"धुवायला!"

एकजण हसला, पर म्हाताऱ्यानं तवर बैल सोडले हुते. जाडजूड दोर काढला, जीपला बांधला, बैल ओढायला लागले, गडी ढकलायला. पाणी दाराच्या मधोमध आलं तवा जीप हलली. पयल्यांदा वीतभर, मग एकदम.

"आता गोड्या पाण्यानं धू, सगळी. खालनं पण," म्हातारा तात्यांना म्हणाला. "मीठ पत्रा खातं."

हरिहरेश्वर राहिलं. दिवसभर आमी विहिरीचं पाणी वढलं. तात्या जीपखाली उताणे पडून धुवत हुते. संध्याकाळी चावी फिरवली. न्हाय. परत फिरवली. न्हाय. तिसऱ्यांदा धूर टाकत चालू झाली आन आईनं जीपला हात जोडले.

"वऱ्हाडाला सांगू नगंस," आबा म्हणले.

वऱ्हाड येळेवर गेलं. तुमी जाणार असाल तर जावा, पर पोचल्याबरुबर आधी भरतीची येळ इचारा. लाजू नगा.

दारावर मधोमध गंज आलाय. तात्या घासतात, रंग लावतात, परत वर येतो. स्टँडवरचे बाकीचे वडापवाले म्हणतात, "तात्या, आज कुठल्या समुद्रात?" परवा बारामतीहून तात्यांच्या जीपनं येताना शेजारी बसलेल्या बाईनं मला इचारलं, "खरंच बघितलास व्हय समुद्र? कसा असतो गं?" सगळी जीप माझ्याकडं बघायला लागली.  मी दाराबाहेर हात काढून गंजावर बोट ठेवलं.

"हितपतुर," म्हणले. आन मग अंथुर्णं येईपतुर बोलतच हुते.