गळतंय कसं सांगायचं

क्लिफर्ड एन्टविसलने उभा जन्म लोकांच्या सिंकखाली आडवं पडून पाइप जोडले आणि त्यात गुडघे गमावले. मग आमच्या गावच्या कॉलेजने त्याला प्लंबिंग शिकवायला घेतलं, तेव्हा त्याची बायको ग्लेनिस म्हणाली, "सुटलास बाबा! आता उभ्या-उभ्या पगार मिळेल." पण आमच्या लँकशर परगण्यात कोणी इतक्या सहजासहजी सुटत नाही. कॉलेजात शिकायला कोणीही आलेलं चालतं, शिकवायला मात्र सर्टिफिकेट लागतं. वर्षाच्या आत ते मिळालं नाही, तर नारळ.

क्लिफर्डने सगळं निमूटपणे केलं. साठीला टेकलेला असताना इंग्रजी आणि गणिताच्या परीक्षा दिल्या. 'शिकणाऱ्याचा आत्मविश्वास' या विषयावर निबंधही खरडला. उरली फक्त वर्गातली परीक्षा. तपासनीस बाई येऊन त्याचं शिकवणं बघणार होत्या, आणि संधी दोनच होत्या.

या बाई म्हणजे हेदर पेनिंग्टन. गळ्यात रेशमी स्कार्फ, चेहऱ्यावर कायमचं हसू. पहिल्या खेपेला त्या मागच्या बाकावर बसल्या आणि क्लिफर्ड नेहमीसारखा टेबलांमधून फिरला. "गळतंय. परत कर. हे पण गळतंय. तू तर कारंजंच केलंस, राजा."

तास संपल्यावर हेदरबाई म्हणाल्या, "क्लिफ, विषयावर काय पकड आहे तुमची! विद्यार्थ्यांशी बोलण्याच्या पद्धतीवर किंचित विचार करता येईल. पण एकूण फारच रंगतदार तास झाला."

क्लिफर्ड तरंगतच पबमध्ये गेला आणि सगळ्यांना बिअर पाजली. ग्लेनिसने मटण-बटाट्याचं सारण भरून पाई भाजला, वर ग्रेव्ही ओतली. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. "मग दुसऱ्या वेळेला कधी येऊ?"

"दुसऱ्या वेळेला? का हो?"

"अहो, तुम्ही नापास झालात ना! सांगितलं होतं की मी."

ग्लेनिसने उरलेल्या पाईकडे पाहिलं. "किंचित म्हणाली होती ना रे ती?"

"किंचितच म्हणाली होती."

मग तो ती विद्या शिकला. आधी गोड, मध्ये कडू, शेवटी पुन्हा गोड, आणि कडू इतकं पातळ की जिभेला कळू नये. रोज दाढी करताना आरशातल्या स्वतःला तो म्हणायचा, "क्लिफ, भुवया काय सुरेख आहेत तुझ्या!"

दुसऱ्या खेपेला हेदरबाई त्याच बाकावर बसल्या. समोरच्या, सरावाचा सिंक बसवलेल्या टेबलापाशी बर्नाडेट कॉली होती. शाळेत मुलांना जेवण वाढायची तिची नोकरी गेली होती आणि चाळिशी उलटल्यावर ती हे काम शिकत होती. तिने पाणी सोडलं. सांध्यातून टप टप सुरू झालं.

क्लिफर्ड सांध्याकडे वाकला. "बर्नी, पाइप काय सरळ कापलायस! सांध्याकडे अजून थोडं लक्ष देता येईल. पण हातात कला आहे हो तुझ्या."

हेदरबाईंचं पेन आनंदाने धावत होतं. आता क्लिफर्डला नोकरी खरोखरच हाताशी आल्यासारखी वाटली.

बर्नाडेटचा चेहरा उजळला. तास सुटताच ती दारातच आईशी फोनवर बोलू लागली. "मम, सर म्हणाले हातात कला आहे! शनिवारी तुझा सिंक मीच बदलते. माणूस बोलावू नकोस."

त्या दिवशी पबमध्ये बिअर पाजताना आपणही असेच दिसत असणार, हे क्लिफर्डला कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. हेदरबाईंची सही अजून व्हायची होती. तो थोडा थांबला. खोटं कशाला बोला, चांगलाच थांबला.

"बर्नी, पोरी, फोन ठेव," तो म्हणाला. "गळतंय. तुझं सगळं गळतंय. मम बुडेल तुझी."

ती परत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग मघाशी का नाही बोललात, सर?"

"मघाशी मी मास्तर होत होतो."

ती हसली नाही. पाना उचलून सिंकखाली शिरली. क्लिफर्डही गुडघ्यांना शिव्या घालत तिच्या शेजारी आडवा झाला आणि पाना कुठे धरायचा ते दाखवू लागला.

वरून हेदरबाईंचा आवाज आला. "काय तळमळ आहे तुमची, क्लिफ! शेवटच्या भागावर किंचित विचार करता आला असता. पण अनुभव फार सुंदर होता."

या खेपेला क्लिफर्डला शब्द न् शब्द समजला. "आभारी आहे, बाई," तो सिंकखालूनच म्हणाला, आणि बर्नाडेटला म्हणाला, "आता सोड पाणी."