निळी टाकी आणि मुंजाजी मिस्त्री

घाटनांदूरच्या मुंजाजी मिस्त्रीला तुम्ही चहा दिलात, तर तो आधी कप हलवून तळाशी बघतो. चहात काय असणार? पण बघतो. माझं स्पेअर पार्टचं दुकान त्याच्या गॅरेजला लागूनच आहे, आणि आजवर माझ्याकडचं एकही सीलबंद खोकं त्यानं माझ्यासमोर फोडल्याशिवाय नेलेलं नाही. मला याचा राग येतो, आजही येतो. मी काय डुप्लिकेट माल विकतो? विचारलं की म्हणतो, "तुमी न्हाई हो. पण तुमाला ज्यानं दिला, त्याचं काय?"

हा स्वभाव त्याला बापाकडून मिळाला. बाप मेंढरं राखायचा. कुत्रं भुंकलं नाही तरी उठून कळपाला चक्कर मारायचा, कारण न भुंकणाऱ्या कुत्र्याचाच त्याला जास्त संशय. मेंढरं गेली, पोराच्या हातात पाना आला, पण संशय तसाच राहिला. मुंजाजीची बायको तर सगळ्यांसमोर सांगते, "लग्नात अंतरपाट धरल्यावर बी ह्यांनी वाकून बघितलं, पोरगी तीच हाय का म्हणून."

अशा माणसाकडे अमरसिंह आपली गाडी घेऊन आला. अमरसिंह हा अर्जुनरावांचा एकुलता एक मुलगा, आणि अर्जुनराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. शेती त्यांची, राजकारण त्यांचं, मुंजाजीच्या गॅरेजची जागाही त्यांचीच. पुण्याकडे एका बंद धावपट्टीवर रीतसर परवानगीची शर्यत होती आणि पोराला गाडीत नायट्रस बसवून हवं होतं.

हा नायट्रस वायू स्वतः पेटत नाही. पण इंजिनात गेला की पेट्रोलला जास्तीचा ऑक्सिजन पुरवतो आणि गाडी अंगात आल्यासारखी धावते. त्याच्या जोडीनं पेट्रोल वाढलं नाही, तर पिस्टन वितळतो. आणि डिकीत ठेवलेली त्याची टाकी फार तापली, तर फुटते. ती असते चालवणाऱ्याच्या पाठीमागं. म्हणजे प्रश्न सरळ अमरसिंहच्या जिवाचा होता, आणि मुंजाजीच्या डोळ्यांसमोरून तो हलत नव्हता.

त्यानं पहिला संशय घेतला तो निळ्या टाकीवरच. आतला गॅस टाकीवरच्या दाबाच्या काट्यावर नाही, वजनावर कळतो, हे त्याला पुण्याच्या एका ट्यूनिंगवाल्यानं फोनवर सांगितलं होतं. म्हणून त्यानं टाकी कापसाच्या व्यापाऱ्याकडे नेऊन तोलली. मग त्या पुणेकराला त्यानं इतके फोन केले, की शेवटी तो फोन उचलेना. जेट, म्हणजे गॅस किती जायचा ते ठरवणारी बारीक भोकाची पितळी तोटी, त्यानं सगळ्यात लहान टाकली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय गॅस सुटू नये आणि पेट्रोलचा दाब पडला की तो आपोआप बंद व्हावा, अशी वायरिंग केली. टाकीला एक पातळ चकती असते. दाब अति झाला की ती आधी फाटते आणि टाकी वाचते. त्या चकतीपासून नळी काढून त्यानं ती डिकीच्या तळातून खाली सोडली. नव्याकोऱ्या गाडीला भोक पडताना अमरसिंहचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"मिस्त्री, एवढं कावून करायलाव?"

"चकती फाटली तर गॅस तुझ्या मानंवर यायला नगं, म्हणून."

मग त्यानं प्रत्येकाला बजावलं. अमरसिंहला, मला, समोरच्या चहावाल्याला. टाकीजवळ बिडी नाही, आग नाही.

आणि त्याची नजर अंगदवर गेली. अंगद हा अमरसिंहचा जिवाभावाचा मित्र. खांद्याला कायम पिशवी आणि तोंड बंद. त्यानं एकदाच विचारलं, "मिस्त्री, जेट जरा मोठा टाकला तर?" झालं! त्या दिवसापासून मुंजाजीच्या लेखी तो चोर. रोज मुंजाजी माझ्या कानाशी लागायचा, "पिशवीत मोठा जेट हाय त्याच्या. गुपचूप बदलणार. पोराला मारणार हे बेणं." खरं सांगतो, ऐकून ऐकून मलाही ती पिशवी खटकायला लागली. अंगद पाणी प्यायला उठला, तरी आम्ही दोघं त्याच्याकडे बघायचो.

गाडी ट्रकवर चढवायची ती सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. गॅरेजपुढं, गाडीपासून बरीच लांब, कापसाच्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवलेली. अर्जुनराव गाडी बघायला आले, डिकीत वाकले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काटा खाली हाय. टाकी अर्धीच हाय. कुणी मारला गॅस?"

आम्ही सगळ्यांनी अंगदकडे बघितलं. कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही.

"गॅस हाय तेवढाच हाय, मालक," मुंजाजी म्हणाला. "थंडीनं काटा उतरलाय. ऊन लागलं की चढंल." पण बोलताना त्याची नजर पिशवीवरून हटत नव्हती. अमरसिंह ट्रक बघायला सडकेवर गेलेला. ती संधी साधून मुंजाजीनं अंगदला दंडाला धरून माझ्या दुकानात आणलं.

"पिशवी रिकामी कर."

अंगदनं मुकाट्यानं एकेक वस्तू काउंटरवर ठेवली. टॉवेल, चार्जर, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. मुंजाजीनं भाकरीच्या घड्यासुद्धा उलगडून बघितल्या. मला लाज वाटली, तरी मीही वाकून बघितलं. अंगदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात तो मुंजाजीच्या खांद्यावरून पलीकडे बघत ओरडला, "धूर! डिकीत धूर हाय!"

अर्जुनरावांनी आयुष्यभर थंडीत ट्रॅक्टर एकाच पद्धतीनं चालू केला होता. इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवायचं, तेल पातळ झालं की हँडल मारायचं. मुंजाजीच्या बोलण्यातलं 'थंडीनं' तेवढं त्यांनी उचललं. मिस्त्री माणसं ताडण्यात गुंतलाय, आपणच करू, म्हणून त्यांनी शेकोटीतले निखारे घमेल्यात घेतले आणि घमेलं डिकीत टाकीखाली सारून ठेवलं. लेकासाठीच केलं त्यांनी.

अंगद आमच्या दोघांच्या आधी पोचला. त्यानं उघड्या हातांनी घमेलं उचललं आणि पंक्चर बघायच्या हौदात उलटं केलं. मुंजाजीनं अर्जुनरावांचा दंड धरला. त्या दंडाला गावात कुणी हात लावला नव्हता. "भिताडाआड चला!" म्हणत त्यानं त्यांना अक्षरशः ओढत नेलं. आम्ही सगळे भिंतीमागं गेलो आणि फाटकन आवाज झाला. गाडीखालून पांढऱ्या वाफेचा लोट सुटला, सुटत राहिला, मग थांबला. चकती फाटली होती. टाकी फुटली नाही.

अर्जुनराव भिंतीआडून बाहेर आले. मग म्हणाले, "सगळ्या गावाला सांगितलंस, आग नेऊ नका म्हणून. मला कावून सांगितलं न्हाईस, बे?"

"तुमाला कसं सांगावं, मालक?" मुंजाजी खाली बघून म्हणाला. "तुमच्यावर कुणी संशय घेतंय का?"

अर्जुनरावांनी अंगदच्या तळहाताची सालटं निघालेली बघितली आणि तेच त्याला आपल्या गाडीत घालून अंबाजोगाईला दवाखान्यात घेऊन गेले. शर्यत हुकली. निखाऱ्यांची धग लागलेली टाकी पुन्हा वापरायची नसते, म्हणून मुंजाजीनं ती कायमची बाद केली.

पुढच्या शर्यतीच्या आधी नवी टाकी आली. मुंजाजीनं ती बसवली आणि डिकी उघडीच ठेवून अंगदला हाक मारली. त्याच्या हातांना अजून पट्ट्या होत्या.

"ये. बघ."

"मला काय कळतंय त्यातलं, मिस्त्री?"

"टाकी बघू नको. मी कुठं बघंना झालोय, तिकडं बघ," मुंजाजी म्हणाला. "मी चुकीच्या माणसाकडं बघत ऱ्हातो."