वामन मास्तरांचं ‘उगीच’

आमचे भावजी वामन सावे पालघरच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते, आणि आयुष्यभर त्यांना एकच व्यसन होतं. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. हातात टोकदार काही आलं आणि समोर सपाट काही दिसलं की यांचा हात शिवशिवलाच. मग तो कागद कशाचा आहे हे बघायचीही शुद्ध राहायची नाही. कोणाची लग्नपत्रिका असो, प्रसादाची पुडी असो, नाहीतर गणिताच्या मास्तरांनी विश्वासाने सांभाळायला दिलेली प्रश्नपत्रिका असो, कडेकडेने वेली, शिडाच्या होड्या आणि कोणाचं तरी नाक उमटलंच म्हणून समजा. काय काढताय, असं विचारलं की चोरी पकडल्यासारखा हात मागे घ्यायचे आणि म्हणायचे, "काही नाही, उगीच."

माझ्या बहिणीला, दमयंतीताईला, पाहायला आले तेव्हा हे गृहस्थ पूर्ण वेळ मान खाली घालून बसले. आमची आई हरखली. मुलगा किती सालस, पोरीकडे डोळा वर करून बघत नाही! ताईनेही तेवढ्यावर होकार दिला आणि आईने गूळसुद्धा वाटला. बश्या उचलायला गेलो तेव्हा मला कळलं. पोह्यांच्या बशीखाली वर्तमानपत्र होतं आणि त्यावर आमच्या स्टुलाचा मोडका पाय काढलेला होता. पाय अगदी हुबेहूब होता हो, पण पुढे कधीतरी ताईने विचारलं, तेव्हा त्या दिवशीच्या तिच्या साडीचा रंग काही त्यांना सांगता आला नाही. ते तिने त्यांना जन्मभर ऐकवलं.

शाळेत ड्रॉइंगला विचारतो कोण? त्यांच्या तासाला मुलं भूगोलाचा राहिलेला अभ्यास उरकायची आणि बाकीचे मास्तर म्हणायचे, "सावे, तुमचं बरं आहे, डोक्याला ताप नाही." भावजी हसायचे. रविवारी गाडीने बोईसरला यायचे, माझ्या सायकलच्या दुकानातून एक सायकल फुकटात उचलायचे आणि वही घेऊन तारापूरच्या बाजूला निघायचे. वही तरी कसली, पाठकोऱ्या उत्तरपत्रिका दाभणाने शिवलेल्या! एकदा होडीकडे बघता बघता ते सायकलसकट खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलात गेले. तेव्हापासून ताईने मला हुकूम सोडला, "प्रताप, तू बरोबर जायचंस." झालं! रविवारी दुकानाला कुलूप आणि मी पहारेकरी.

त्या वर्षी त्या भागात सरकारची मोठी कामं निघाली होती, तारापूरकडचा रस्ताही ट्रकसाठी रुंद व्हायचा होता. खाकी टोपीवाली माणसं मोजणीच्या साखळ्या ओढत शेतातून हिंडायची, लाल-पांढऱ्या काठ्या रोवायची, ताडाच्या खोडांवर चुन्याने आकडे घालायची. अशात आम्ही एका वारली पाड्यावर पोचलो. रस्त्याच्या कडेला पाच-सात झोपड्या, एवढाच पाडा. भावजी चिंचेखाली बसले आणि समोरची झोपडी काढायला लागले. कुडाच्या सारवलेल्या भिंती, गवताचं छप्पर, त्यावर चढलेला दुधीचा वेल, आणि दारात मांडीवर वालाच्या शेंगा घेऊन बसलेली एक बाई. ती भागी. तिने शेंगा सोडल्या आणि आमच्याकडे टक लावून बसली. भावजी खूश! मला हळूच म्हणाले, "बघ, कशी स्थिर बसली आहे, कळतं तिला." चित्र पुरं होत आलं तशी भागी उठली, आत गेली आणि कोयता घेऊन बाहेर आली.

"काय लिवलास?" तिने भावजींना विचारलं.

"काही नाही, उगीच."

"उगीच कोन लिवते?"

आता यात तिचं काय चुकलं? वारल्यांच्या घरी लग्न निघालं की सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात. त्याला ते काढणं म्हणत नाहीत, लिहिणं म्हणतात. चौक लिहिला की देवी येऊन त्यात बसते, तेव्हा कुठे लग्न लागतं. ज्याला बोलवायचं त्यालाच लिहायचं. हात शिवशिवतो म्हणून भिंत भरवायला तिथे कोणी बसत नाही. त्यातून भागीच्या बहिणीचं घर मासवणकडे, आणि तिथे एक टोपीवाला असाच कागद घेऊन बसला होता. पुढच्या वर्षी घराच्या जागी खडी पडली.

"देव लिवला का देव येते," भागी म्हणाली. "घर लिवला का सरकार येते."

मी पुढे झालो. म्हटलं, बाई, हे सरकार नाहीत, हे शाळामास्तर आहेत, हे आपलं मजेखातर काढतात. ती माझ्यावर उसळली, "मजेला माजाच घर गावला?"

ते चित्र मी पाहिलं होतं. भावजींनी तोवर काढलेल्या सगळ्या होड्या, नाकं आणि खुर्च्यांचे पाय एका बाजूला आणि ते घर एका बाजूला. दारातल्या बाईच्या मानेत जो ताठा होता ना, तो मला पेन्सिलीत येईल असं वाटलंच नव्हतं. कोयता समोर नसता तर मी भांडलो असतो. पण भावजींनी मुकाट्याने पान फाडलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते चुलीत घातलं. मग तिचा जीव भांड्यात पडला असावा, कारण त्याच विस्तवावर गुळाचा कोरा चहा करून तिने आम्हाला पाजला. वर कोयता बाजूला ठेवून म्हणाली, "राग नको धरू, मास्तर. घर हाय ना."

परत येताना मला वाटलं, हे आता तोंड पाडून बसणार. कसलं काय! वाटेत सायकल थांबवून मला म्हणाले, "प्रताप, अरे इतकी वर्षं मी काढतोय, माझं चित्र खरं मानणारं पहिलं माणूस आज भेटलं." मी डोक्याला हात लावला. चित्र जाळलं तेव्हा यांना रसिक सापडला!

भागीने चित्र जाळलं म्हणून रस्ता काही थांबला नाही. त्याची आखणी कधीच झालेली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात पाडा हलला. पलीकडच्या माळावर जागा मिळाली, पत्र्याची घरं उभी राहिली, सगळं रीतसर झालं. जुन्या पाड्यावरून ट्रक धावायला लागले आणि मीही त्यांच्या चाकांना हवा भरायला सुरुवात केली. धंदा वाढला, खोटं कशाला बोलू?

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मी पालघरला ताईकडे बसलो होतो, तर दारात भागी. शाळेच्या शिपायाला विचारत, बाजारात विचारत ती आली होती, डोक्यावर करवंदांची पाटी. ओटीवर बसली आणि सरळ म्हणाली, "मास्तर, माजा घर परत लिव. तवा मी जालला ती माजी चूक. कागदावरचा जालला, म्हनून भुईवरचा गेला. आता लिव, म्हंजे येल."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे पाहिलं. समजवायचं कोणी आणि काय? शेवटी भावजी उठले आणि त्यांनी प्रदर्शनासाठी जपलेला जाड पांढरा कागद काढला. पेन्सिलीला टोक केलं, पट्टी घेतली, घसा साफ केला. आणि काय सांगू, ज्या माणसाचा हात प्रश्नपत्रिकेवर थांबत नव्हता, तो त्या कागदावर चालेना! एक घर काढलं. भागी म्हणाली, "हा माजा नाय." दुसरं काढलं. "हा त पोस्टाहापिस हाय." भावजींच्या कपाळावर घाम आला. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

ताई म्हणाली, "अहो, राहू द्या जरा, चहा घ्या." तेव्हा साखर रेशनवर, पण ताईने भागीच्या कपात दोन चमचे घातले. भागी फुंकर मारत बोलायला लागली. दुधीचा वेल दर साली कुठून चढायचा, कोंबडी कुठल्या कोपऱ्यात अंडी लपवायची, सासू कुठल्या खांबाला टेकून मेली. भावजी ऐकत होते. ताईने मला डोळ्याने खुणावलं. चहाच्या पुड्याचा फाटका कागद भावजींच्या मांडीवर होता आणि हात आपला आपण चालला होता. छप्पर आलं. वेल आला. खांब आला. मी मनात म्हटलं, कोणी शिंकू नका रे बाबांनो.

भागीने कप खाली ठेवला. कागद उचलून जवळ नेला, वेलावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हाच." घडी घालून कमरेला खोचला. "आता येल."

जन्मभर नवऱ्यापासून कागद लपवणारी माझी बहीण तिला म्हणाली, "जपून न्या हो. भिजवू नका."

पाऊस संपला. दिवाळीच्या आधी बोईसरच्या बाजारात भागीने मला गाठलं. मी दुसरीकडे बघायला लागलो, पण ती समोर येऊन उभीच राहिली.

"घर नाय आला."

"अगं बाई," मी म्हटलं, "कागदावरचं घर येणार कुठून?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की येडा मीच.

"येल कसा? मास्तर मलाच लिवाला इसरला. पयल्या कागदात मी दारात होती. ह्यात कोनच नाय. मग घर येल ते कोनाकडं?"

मी तडक पालघरची गाडी धरली. भावजींना सांगितलं तेव्हा ते कोणाच्या तरी पत्राच्या पाकिटावर बदक काढत होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "खरं आहे तिचं," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही माळावर गेलो. भावजींनी तिला दारात बसायला सांगितलं. ती म्हणाली, "ह्या दारात नको." पत्र्याच्या घराकडे पाठ करून ती उघड्यावर बसली. तोंड रस्त्याकडे, जिथे तिच्या जुन्या घरावरून ट्रक धावत होते तिकडे. मांडीवर वालाच्या शेंगा घेतल्या. भावजी समोर बसले. पट्टी नाही, घसा साफ करणं नाही. ट्रक जायचा, धूळ उडायची, भागी डोळे मिटायची नाही.

मी मागून डोकावलो. कागदावर नुसती भागी होती, जुन्या दारात बसली होती तशीच, मानेतला ताठाही तोच. घराची एक रेघसुद्धा नव्हती, ना वेल, ना खांब. मला वाटलं, झालं, परत विसरले! सवयीने विचारलं, "भावजी, काय काढलंत?"

या वेळी त्यांनी हात मागे घेतला नाही.

"भागीचं घर," ते म्हणाले.

मी दोन पावलं मागे सरकलो, आता ही कोयता काढते की काय! भागीने कागद हातात घेतला. उन्हात धरून पाहिला, पुन्हा पाहिला. मग पदराने डोळे पुसले.

"आला," ती म्हणाली, आणि आमच्यासाठी चहा ठेवायला पत्र्याच्या घरात गेली.