शहादेव तात्यांचं पावर स्टेरिंग

आमच्या पाली गावात शहादेव तात्यांना किंमत येते ती पाच वर्षांतून एकदा. एरवी हॉटेलात त्यांना कुणी चहासुद्धा विचारत नाही. निवडणूक लागली की मात्र परमेश्वरभाऊंची मिरवणूक निघते ती तात्यांच्याच उघड्या जीपमधून, आणि चालवायला स्वतः तात्या. भाऊ दर वेळी पडतात. तात्या मात्र तेवढ्या एका दिवसावर पुढची पाच वर्षं मिशीला पीळ देत काढतात.

यंदा त्या मानालाच धोका आला. जीप म्हातारी, स्टेरिंग दगड. वळण आलं की तात्या सीटवरून अर्धे उठून स्टेरिंगला लटकायचे. भाऊंचा पुतण्या सुरज तोंडावर म्हणाला, "तात्या, फोटोत भाऊ हात जोडतेत आन् खाली तुमचं तोंड असं, जसं कुणी बाळंत होतंय. पावर स्टेरिंग बसवा, न्हाईतर यंदा माझी नवी गाडी हाय."

तात्यांनी त्याच दिवशी बीड गाठलं. नवं बसवायचं तर म्हैस विकावी लागली असती, आणि म्हशीवर सत्ता त्यांच्या बायकोची, विमलकाकूंची. म्हणून तात्यांनी भंगारातून, चेंदामेंदा झालेल्या एका पिकअपचं स्टेरिंग उचललं आणि मिस्त्रीपुढं टाकलं.

"मालक, हे दुसऱ्या गाडीचं हाय. बसंल, पण..."

"पण कावून? बसतंय ना? मग बसव बे."

तात्यांनी आयुष्यात कुणाचं 'पण' पूर्ण ऐकलेलं नाही.

बसलं. एका बोटानं फिरायला लागलं. फक्त उजवीकडं फिरवलं की जीप डावीकडं जायची, आणि डावीकडं फिरवलं की उजवीकडं. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "हाताला सवय लागंल, मालक. आरशात उलटंच दिसतंय, तरी माणूस भांग पाडतोच की."

पुन्हा काढून बसवायचं तर पुन्हा खर्च. गावाला सांगायचं तर हसं. तेव्हा जीप सरळ करण्याऐवजी तात्यांनी स्वतःलाच उलटं करून घ्यायचं ठरवलं. आमच्या शेजारच्या मोकळ्या रानात त्यांचा सराव सुरू झाला. दोन बाभळी गेल्या, बांध फुटला. काकू कडेला उभ्या राहून विचारायच्या, "अवो, गाडी शिकतायसा का इसरतायसा?"

पण हट्टाला अक्कल लागत नाही, म्हणून तात्यांना ते जमलं. मिरवणुकीच्या दिवशी लिंबागणेशला देवळापुढं त्यांनी एका हातानं जीप अशी गर्रकन वळवली की सुरजचं तोंड उतरलं.

भाऊंनी गणपतीला नारळ फोडला, आणि येऊन म्हणाले, "सरका तात्या. मी चालवतो. उमेदवार सोता गाडी चालवतोय, असा व्हिडिओ टाकायचाय."

मी मागं झेंडा धरून उभा होतो. तो दुसऱ्याच्या हातात दिला आणि हळूच खाली उतरलो.

"भाऊ, क्लच लई जड हाय," तात्या म्हणाले.

"आता पावर हाय ना? मग कावून भेताव?"

'स्टेरिंग उलटं हाय,' एवढंच सांगायचं होतं. ते तात्यांच्या ओठांपर्यंत आलंही. पण समोर सुरज उभा होता. तात्यांनी ते गिळलं आणि शेजारच्या सीटवर सरकले.

रस्ता उजवीकडं वळत होता. भाऊंनी उजवीकडं फिरवलं, जीप डावीकडं निघाली. भाऊंनी घाबरून आणखी उजवीकडं फिरवलं, जीप आणखी डावीकडं गेली आणि प्रसादाच्या दुकानात शिरून थांबली. नशीब, दुकानदार हार घेऊन भाऊंच्याच स्वागताला बाहेर आला होता. बॉनेटवर पेढे, काचेवर खोबरं.

भाऊंनी स्टेरिंगकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं, मग समोर रोखलेल्या मोबाइलांकडं. गाडीला काय झालं, एवढं विचारलं असतं तर सगळं उघड झालं असतं. पण जवानीत आपण ट्रक चालवायचो असं भाऊ भाषणात सांगत आलेत. चुकलं कुठं, हे ते कुठल्या तोंडानं विचारणार? ते उतरले, सदरा झटकला आणि म्हणाले, "व्हिडिओ पुसा रं सगळ्यांनी. ही गाडी येरागबाळ्याचं काम न्हाई. इथून पुढं कायम तात्याच चालवतेल."

येरागबाळ्यांत आपण स्वतःलाही धरलं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दोन मोठ्या माणसांनी आपापली अब्रू झाकली, उघड्यावर पडला तो पेढेवाला.

भाऊ याही वेळी पडले. परवा मी तात्यांच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा मिस्त्रीचा फोन आला. जीपच्या मापाचं स्टेरिंग भंगारात आलंय, जुन्याच्या बदल्यात बसवून देतो म्हणाला.

"नको," तात्या म्हणाले. "सरळ केलं तर कुणीबी चालवील की बे."