इस्त्री केलेला आलेख

आमच्या सरांइतका खडूस शास्त्रज्ञ पुण्यातही दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्या हाती आलेला एकमेव शोध मी नीटनेटकेपणाच्या हौसेनं पुसून टाकला. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी त्यांची थट्टा करणार आहे.

सर प्रयोगशाळेत नाडीचा लेंगा घालून येत. चुंबकाजवळ पट्ट्याचं बक्कल नको, हे ठीक. पण ते लग्नालाही तसेच जात. सदरा कायम चुरगळलेला. इस्त्रीचं नाव काढलं की म्हणत, "अहो, माणूस कसा बसला, कसा झोपला, सगळं सुरकुत्यांत असतं. पुसता कशाला?" एका विद्यार्थ्यानं "सर, बेसिकली..." अशी सुरुवात केली, तर त्याला म्हणाले, "ते बेसिकली बाहेर चपलांशेजारी ठेवा आणि मग आत या." जीव मात्र सगळा तांदळाच्या दाण्याएवढ्या एका काळ्या स्फटिकात. तो पुरेसा गार केला की त्यातून वीज विनाअडथळा वाहते. प्रचंड चुंबकीय क्षेत्रात हे विनाअडथळ्याचं सोंग उतरतं, अडथळा परत येतो आणि इलेक्ट्रॉन मुळात कसे वागतात ते दिसतं. सरांचं म्हणणं, ते गोल फिरत असणार. तसं असेल तर अडथळ्याच्या आलेखात बारीक लाटा उमटतील. यावर ते वर्षानुवर्षं भांडले, बहुतेकदा एकटेच.

अखेर मोजणी झाली. दुसऱ्या खेपेआधीच स्फटिक तडकला. आलेख काढायचं काम माझं. रेष थरथरत होती. मला वाटलं, या काही सरांच्या लाटा नव्हेत, यंत्राची नुसती खरखर. मी ती संगणकावर गुळगुळीत केली. सर कुठल्याच यंत्रावर विश्वास ठेवत नसत, माझ्यावर मात्र ठेवत. ती रेष बराच वेळ पाहून म्हणाले, "चुकलो म्हणायचं." त्यानंतर त्यांनी कोणाला टोमणा मारला नाही. प्रयोगशाळा भकास झाली.

काही वर्षांनी परदेशात तसल्याच स्फटिकात लाटा सापडल्या. मी आमच्या मूळ आकड्यांची फाइल उघडली, तर त्यातही त्याच लाटा; घाबरून ती बंद केली. सर निवृत्त झाले, तरी मी गप्पच.

गेल्या रविवारी मात्र मूळ आलेख छापून घेतला आणि वाघोलीला त्यांच्या मुलाच्या घरी जाऊन त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी भिंग लावलं, पेन्सिलीच्या टोकानं एकेक लाट मोजली.

"फिरत होते की हो," एवढंच म्हणाले. मग माझ्या कडक शर्टाकडे पाहिलं. "इस्त्री आपण घरीच करता, की बाहेर देता?"

"मीच केली होती, सर," मी म्हणालो. "तुमचं बरोबर होतं. मला माफ करा."